ही खुर्ची अजून उघडीच का? तुम्ही विचारलंत म्हणून

पैसे नाहीत म्हणून नाही. वेळ नाही म्हणून तर नाहीच. घरी येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस चहा होईपर्यंत हाच प्रश्न काढतो: खिडकीजवळची ती खुर्ची अजून उघडीच का? पॅरिसमध्ये लोकांच्या जुन्या खुर्च्या भरून, शिवून देण्यावर तुझं पोट चालतं, आणि स्वतःच्या घरातली खुर्ची अशी, तरट फाटलेलं, घोड्याचे केस बाहेर आलेले? साताऱ्याची मावशी व्हिडिओ कॉलवर म्हणते, "अगं, निदान एखादी चादर तरी टाक तिच्यावर." वरच्या मजल्यावरची फ्रेंच शेजारीण जरा सौम्यपणे विचारते. गिऱ्हाइकांच्या विचारण्यात संशय असतो. आजवर ज्याला जे पटेल ते सांगून मी विषय बदलत आले. आता एकदा सगळं सांगते.

खुर्ची फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या काळातली, अठराव्या शतकाच्या मध्याची. हिला काब्रियोले म्हणतात. पाठ किंचित वळलेली, बसणाऱ्याला कवेत घेणारी. त्याच काळात सपाट पाठीच्या 'आ ला रेन' खुर्च्याही बनत. त्या भिंतीला लावून मांडायच्या, त्यांचं नक्षीकाम भिंतीवरच्या लाकूडकामाशी जुळवलेलं असे, आणि त्या सहसा जागच्या हलत नसत. काब्रियोले मात्र उचलून गप्पांच्या घोळक्यात न्यायची. मला हीच जवळची वाटते. हिचे हात पुढच्या पायांच्या रेषेत नाहीत, बरेच मागे सरकवलेले आहेत, कारण १७२० च्या सुमाराला बायकांचे आत सांगाडा असलेले घेरदार झगे आले आणि तो घेर मावायला जागा हवी होती. पुढचा पाय, बैठकीची कड, हाताचा आधार, पाठ, अशी एकच रेघ कुठेही न अडखळता वर जाते. रोज बघते, अजून कंटाळा आलेला नाही.

हिच्यावर शिक्का नाही. हे ऐकलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. पॅरिसच्या सुतारांच्या संघाने १७४३ च्या नियमांनी प्रत्येक उस्तादाला आपल्या नावाचा शिक्का लाकडावर मारणं सक्तीचं केलं, १७५१ पासून ते लागू झालं, आणि १७९१ मध्ये फ्रेंच क्रांतीने हे संघच मोडीत काढले. त्या चाळीस वर्षांमुळे आज तिलियार, अर्तो, देलानोआ, झाकोब ही नावं आपल्याला ठाऊक आहेत, आणि लिलावात एका शिक्क्याने किंमत कुठल्या कुठे जाते. पण शिक्का सुताराचा असतो, आणि अशी खुर्ची एकट्या सुताराची कधीच नव्हती. चौकट एकाने करायची, नक्षी दुसऱ्याने कोरायची, रंग किंवा सोन्याचा वर्ख तिसऱ्याने द्यायचा, आणि भरण नि कापड तापिसिएने, म्हणजे खुर्च्या भरून त्यांवर कापड चढवणाऱ्या कारागिराने. कापड तर बहुधा सगळ्या लाकूडकामापेक्षा महाग पडे. तरीही तापिसिएसाठी शिक्क्याचा नियम नव्हता. माझ्या व्यवसायातल्या त्या माणसांचं काम ओळखायला एकच जागा उरते, भरणाच्या आत. आणि ती जागा पुढचा प्रत्येक तापिसिए उपटून काढतो. त्यात मीही आले, माझं कामच ते आहे.

मग ही खरी कशावरून, असंही विचारतात. व्हर्सायच्या राजवाड्याने अस्सल समजून घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं, २०२५ मध्ये त्या प्रकरणात एका नामांकित तज्ज्ञाला आणि एका कसबी नक्षीकाराला शिक्षा झाली, तेव्हापासून हा प्रश्न जास्तच येतो. माझी खुर्ची बनावट करून कुणाला काही मिळालं नसतं. गावच्या जुन्या सामानाच्या बाजारात ती मला साध्या नव्या खुर्चीच्या भावात मिळाली, कारण शिक्का नसलेल्या, मोडक्या काब्रियोलेला आज फारसं कुणी विचारत नाही. पण ती उघडी आहे म्हणून तिच्याकडे बघून काही सांगता येतं. सांध्यांतल्या लाकडी खुंट्या बोटाला लागतील इतक्या वर आल्या आहेत, कारण भोवतालचं बीच नावाच्या झाडाचं लाकूड आडव्या अंगाने आक्रसलं आणि खुंटी लांबीत आक्रसत नाही. न दिसणाऱ्या बाजूंवर हत्याराच्या खुणा तशाच आहेत, त्या घासण्यात कुणी मजुरी घालवलेली नाही. आणि कडेच्या लाकडात चुकांची, म्हणजे कापड ठोकायच्या बारीक खिळ्यांची भोकं, ओळींवर ओळी.

त्या भोकांकडे जरा नीट बघा. कापड बदलायचं म्हणजे जुन्या चुका उपटायच्या आणि नव्या ठोकायच्या. अडीचशे वर्षांत हे किती वेळा झालं, ते त्या ओळींवरून दिसतं. बीचला भुंगा चटकन लागतो. बाहेरून चुका, आतून भुंगा, असं होता होता शेवटी चूक धरून ठेवायला लाकूडच उरत नाही. मग भोकं सरस आणि भुशाने बुजवायची आणि त्याच जागी पुन्हा ठोकायचं. खुर्ची दर पिढीत नवी करायची तर तिचं लाकूड थोडं थोडं खाल्लं जाणारच. गिऱ्हाइकांना मी हे सांगते. बहुतेकांना ते ऐकायचं नसतं, त्यांना कापडाचे नमुने बघायचे असतात.

आता ती गोष्ट, जी मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

हे काम शिकताना मी एका कारखान्यात उमेदवारी करत होते. तिथे एका व्यापाऱ्याने दोन खुर्च्या आणल्या, जोडीच्या. त्याला त्या लाकडापर्यंत सोलून हव्या होत्या. चौकट फिकट रंगवायची, आत फोम, वर मातकट लिनन, आणि सगळं आठवड्याच्या आत, कारण गिऱ्हाईक तयार होतं. एक खुर्ची मालकांनी घेतली, दुसरी मला दिली. त्यांच्या खुर्चीत स्प्रिंगा निघाल्या. म्हणजे ती एकोणिसाव्या शतकात कुणीतरी नव्याने भरलेली, कारण पंधराव्या लुईच्या वेळी बैठकीत स्प्रिंग नसेच. नवारही चौकटीच्या खालच्या अंगाला ठोकलेली होती, स्प्रिंगांना तेवढी उंची लागते म्हणून. माझ्या खुर्चीचं कापड निघालं, त्याखाली आणखी एक कापड, त्याखाली कापसाचा पातळ थर, मग तरट. खाली वाकून बघितलं तर नवार चौकटीच्या वरच्या अंगाला, स्प्रिंगांच्या आधीच्या पद्धतीने. चुकांची डोकी एकसारखी नव्हती, हाताने घडवलेली होती. बैठक बुटकी, मधे हलकीशी फुगलेली. आणि कडेचा गोट, केस भरून दोऱ्याने शिवलेली ती कड! आम्हाला शाळेत शिकवलेला गोट चौकोनी, धारदार, पट्टी लावून मोजावा असा. हा गोल होता, मऊ, दाबला तर हाताखाली हळूच परत येणारा. जवसाच्या दोऱ्याचे टाके एका संथ चालीने गेलेले, आणि उजव्या कोपऱ्याशी आल्यावर अचानक लांब झालेले. तिथे त्या माणसाचा हात अवघडला असेल, किंवा उजेड गेला असेल. एका चुकेखाली चिमटीएवढा कापडाचा तुकडा अडकून राहिला होता. वरून तपकिरी, आणि चुकेच्या डोक्याने झाकला होता तेवढ्यापुरता किरमिजी, रेशमाचा.

मालकांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावला, गुडघ्यावर बसले आणि गोटावरून अंगठा फिरवत चारही बाजूंनी गेले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सुंदर हात आहे." आमच्या कामात याहून मोठी पावती नसते. मी म्हटलं, व्यापाऱ्याला विचारू या, ही एक तरी अशीच राहू दे, भरण दणकट आहे, वरून नवं कापड घालता येईल. त्यांनी विचारलं. त्यांच्या बाजूने हे सांगितलंच पाहिजे, त्यांनी माझ्यासमोर फोन लावला आणि माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत सांगितलं. व्यापारी म्हणाला, जोडी आहे, एक उंच आणि एक बुटकी कोण घेईल? आणि आत काय आहे ते कुणाला दिसतं? फोन ठेवून त्यांनी मोगरी आणि पटाशी उचलली, आणि मला करायला न लावता स्वतः ती बैठक उपटली. नवार तुटतानाचा आवाज कोरडा असतो. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

केस टाकले नाहीत. घोड्याचे केस कुणी टाकत नाही, महाग असतात. ते पिंजायच्या यंत्रात घातले. आपल्याकडे पिंजारी जुन्या गादीचा कापूस पिंजून देतो तसे ते पुन्हा फुगून आले, पोत्यातल्या बाकीच्या केसांत मिसळले आणि पुढे कुठल्या कुठल्या खुर्च्यांत गेले. काही माझ्याच हातून गेले असतील. काहीच वाया गेलं नाही, मग एवढं काय लावून घेतेस, असं बरोबरच्या एकाने त्या संध्याकाळी मला समजावलं. पण त्या केसांना कुणीतरी दिलेला आकार गेला होता, आणि तो कुणी मोजलेला नव्हता, रेखाटलेला नव्हता. किरमिजी तुकडा झाडूत गेला. दोन्ही खुर्च्या वेळेत झाल्या. एकसारख्या, देखण्या.

म्हणून तुझं असं झालंय, असं आता तुम्ही म्हणाल. तितकं सोपं नाही. मी फोमच्या विरोधात नाही. मुळात फोमनेच भरलेल्या विसाव्या शतकातल्या आरामखुर्चीला फोमच हवा. जुन्या शैलीत नंतर केलेल्या नकला मी बिनदिक्कत सोलते, आणि ज्यांच्या खुर्चीत जुनं काही उरलेलंच नाही त्यांच्याशी वाद घालत नाही. पारंपरिक पद्धतीने एक खुर्ची भरायला वीस-पंचवीस तास सहज जातात, ते सगळ्यांना परवडत नाहीत, हे मला कळतं.

माझ्या खुर्चीची बैठक अशीच, नंतर कुणीतरी स्प्रिंगा घालून उंच केलेली. त्यामुळे बसलं की हात फार खाली लागतात, सगळं प्रमाण बिघडलेलं. तिचं मला काही वाटत नाही. पाठ मात्र कुणी उघडलेली नव्हती. वरचं कापड चार वेळा बदललं असेल, पण आतलं भरण पहिलंच असावं असं माझे डोळे सांगतात. तोच गोल, मऊ गोट, तसेच दोऱ्याचे टाके. तुम्ही ज्याला फाटकं तरट म्हणता ते हे.

या व्यवसायात येण्याआधीची मी तुमच्याच बाजूला होते. ती मुलगी अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, खुर्ची बसायला केली, ज्याने भरली त्याला ती अशी उघडी बघून वाईट वाटलं असतं. तो स्वतः काय करत होता? श्रीमंत घरांत ऋतूप्रमाणे कापड बदलता यावं म्हणून बैठक आणि पाठ सुट्या चौकटीवर भरायची पद्धत होती, हिवाळ्यात मखमल, उन्हाळ्यात हलकं रेशीम. बदल त्याला पाठच होता. यावर माझं म्हणणं असं की बदलायचं ते कापड, भरण नव्हे. ती म्हणते, भरणही दबतंच ना, त्याने तरी दुसऱ्याचं उपटलं नसेल कशावरून? इथे मी गप्प होते.

संग्रहालयाला दे, असंही सुचवून झालंय. पॅरिसच्या म्यूझे निसीम द कामोंदो या संग्रहालयात झाकोबच्या खुर्च्या आहेत, पाहुण्यांना मी तिथे नेलेलं आहे. तसल्या संग्रहात बिनशिक्क्याच्या, सोनं नसलेल्या काब्रियोलेला जागा कोण देईल? संग्रहालयांनी शोधलेली पद्धत मात्र मला माहीत आहे. लाकडात एकही चूक न ठोकता, जुन्या भरणावर आधी दुसऱ्या कापडाचं कवच घालायचं आणि नवं कापड त्याला हाताने टाचायचं. पाठीला हे करता येईल. पण मग ती झाकली जाईल. माझ्यानंतर ती ज्याच्या हाती पडेल तो कवच उचकटेल आणि आत काय आहे ते सांगायला मी नसेन. चिठ्ठी ठेव, म्हणाल. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांत मी ठेवते. व्यापाऱ्याच्या घाईत कुणी चिठ्ठी वाचेल, यावर माझा विश्वास नाही.

आणखी एक कारण आहे. कामावरून आले की मी त्या टाक्यांकडे बघते आणि शिकते. सुई कुठून आत गेली, किती केस उचलले, दोरा किती ओढला. हे मला कुठल्याही शाळेत मिळालं नाही. झाकलं की माझा गुरू गेला. हे स्वार्थी आहे, मला माहीत आहे.

शेजारणीने एकदा शांतपणे जे सांगितलं ते सगळ्यात जास्त लागलं. उन्हाने तरट कुजतं, उघड्या केसांत धूळ बसते, आणि कसर लागायला वेळ लागत नाही. म्हणजे ज्याला मी जपणं म्हणते, त्यातही ती खुर्ची झिजतेच आहे. मी खुर्ची खिडकीपासून दोन हात मागे घेतली. कसरीसाठी दर आठवड्याला टॉर्च लावून बघते. तिचं म्हणणं खोडून काढता आलेलं नाही.

बैठक मी या हिवाळ्यात भरणार आहे. स्प्रिंगा काढून, नवार परत वरच्या अंगाला घेऊन, बुटकी, मूळ होती तशी. पाठीचं ठरलेलं नाही. आणि बैठकीतही एका गोष्टीवर अडले आहे. नवार वर घ्यायची तर चुका वरच्या कडेत ठोकायच्या. जुन्या भोकांत त्या धरत नाहीत, आणि नव्या जागी ठोकल्या तर आणखी एक ओळ वाढते.