पालेत्स म्हणजे बोट

सर्जरीच्या वॉर्डात मी पहिल्यांदा गेलो तो जानेवारीतला दिवस. त्वेर हे रशियातलं व्होल्गाकाठचं शहर, मॉस्कोहून पीटर्सबर्गला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं. बाहेर उणे अठरा, आत हीटरमुळे घाम. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायच्या (त्यांना तिथे 'बाखिली' म्हणतात), अंगात पांढरा खलात, म्हणजे डॉक्टरी कोट घालायचा आणि खिशात वही ठेवायची. ही वही सीनियरांकडून उतरवून घेतलेली होती. डावीकडे रशियन शब्द, उजवीकडे इंग्रजी अर्थ. लातूरला दोन वर्षं 'नीट' या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी जे केलं तेच मी इथे डॉक्टरकी शिकतानाही करत होतो, पाठांतर. वर्गातलं शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे तोवर निभावलं होतं. पण पेशंट इंग्रजीत आजारी पडत नाही.

मला खिडकीजवळच्या खाटेवरच्या आजी मिळाल्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, कमरेपर्यंत घोंगडी. मी ठरलेला पहिला प्रश्न टाकला, "ना श्तो झालुयेत्येस?" म्हणजे तक्रार काय आहे. हे वाक्य मी हॉस्टेलच्या आरशासमोर इतक्या वेळा म्हटलं होतं की आजींना वाटलं असावं, पोराला रशियन येतं. त्या सुसाट सुटल्या. त्यातलं मला एवढंच कळलं: "उ मिन्या बलीत पालेत्स." आणि मध्येच एकदा 'साखर'.

साखर म्हणजे साखरच. रशियनमध्येही तो शब्द जवळजवळ आपल्यासारखाच ऐकू येतो आणि मूळही आपल्याच शर्करेपर्यंत जातं. आजींना मधुमेह होता. कागदावर आकडा होता १४. तिकडे मिलिमोलमध्ये मोजतात, म्हणजे आपल्याकडचे साधारण २५०.

उरला पालेत्स. वहीत होतं: पालेत्स, फिंगर. मी आजींचे दोन्ही हात पुढे मागवले. उजव्या तर्जनीवर हिरवागार डाग! हा 'झिल्योन्का', जखमेवर लावायचं हिरवं औषध. रशियात घरोघरी त्याची बाटली असते. खाली चाकूचा बारीकसा काप. झालं, निदान सापडलं. मी बोट दाबून पाहिलं, पेर वाकवून पाहिलं, नखाचा रंग पाहिला. आजी "न्येत, सिनोक, न्येत" म्हणत होत्या. नाही रे लेकरा, नाही. मी समजलो, दुखत नाहीये. आणि लिहून टाकलं: उजव्या तर्जनीला किरकोळ जखम, सूज नाही.

राउंडला डॉक्टर मॅडम आल्या. कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता घोंगडी पायाकडून वर उचलली. डाव्या पायातला लोकरी मोजा हळूच उतरवला. अंगठ्याशेजारचं बोट टोकाकडून काळं पडलेलं होतं.

वॉर्डात कोणी हसलं नाही, ते बरं झालं. मॅडमनी पावलाच्या वरच्या बाजूला दोन बोटं टेकवून नाडी शोधली, माझा हात धरून तिथे ठेवला. मला काही लागली नाही. त्यांनाही नव्हती लागली.

रशियनमध्ये पालेत्स हाताचाही असतो आणि पायाचाही. कुठला ते सांगायचं असेल तर 'पालेत्स न रुक्ये', हातावरचा, किंवा 'पालेत्स न नग्ये', पायावरचा. इंग्रजीत दोघांना दोन वेगळी नावं आहेत. आणि मराठीत? बोट. हाताचं बोट, पायाचं बोट. मला हे बार्शीला आजीच्या मांडीवर बसून शिकवलेलं होतं, आणि मी ते रशियन आजीसमोर विसरलो, कारण मधे इंग्रजी वही उघडून बसलो होतो.

त्या रात्री मी वहीत तिसरा रकाना आखला, मराठीचा. मग एकेक गंमत दिसायला लागली. रुका म्हणजे खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात, नगा म्हणजे अख्खा पाय. अंगठा तो 'बल्शोय पालेत्स', मोठं बोट. हाताचाही आणि पायाचाही, आपल्या अंगठ्यासारखाच. मधलं बोट 'स्रेद्नी', आपली मध्यमा. आणि करंगळीशेजारचं 'बेझिम्यान्नी', म्हणजे बिननावाचं. अनामिका! मी खोलीतल्या जोडीदाराला उठवून हे सांगितलं. त्यानं उशी फेकून मारली.

व्याकरणाचंही तेच. विभक्ती लावली की पालेत्समधला 'ए' गळतो: पाल्त्सा, पाल्त्सी. आमच्या वर्गातल्या केरळच्या मुलाला हा छळ वाटायचा. मला आता तो माणूस आणि माणसाला, उंदीर आणि उंदराला यांच्यातला वाटू लागला. 'उ मिन्या बलीत' हे एका बोटासाठी. जास्त दुखत असतील तर 'बल्यात'. आपणही बोट दुखतं आणि बोटं दुखतात असंच म्हणतो. आकडा आला की मात्र खास रशियन खोड: दोन-तीन-चारला 'पाल्त्सा', पाचपासून वीसपर्यंत 'पाल्त्सेव'. ते मात्र पाठच करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींकडे जाऊन माफी मागितली. त्यांना बहुधा माझं रशियन कळलं नाही, पण चेहरा कळला. उशाखालून एक चॉकलेट काढून हातावर ठेवलं.

बोट वाचलं नाही. काढावं लागलं, पाऊल मात्र वाचलं. ड्रेसिंगच्या दिवशी मी ट्रे धरून उभा होतो. आजींनी पायाकडे पाहिलं, मग आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, आणि मला म्हणाल्या, "दिवित्नात्सत पाल्त्सेव."

एकोणीस बोटं. मी मनातल्या मनात प्रत्यय तपासला. बरोबर होता.