एमिलिया तेव्हाच बोलली असती तर

रात्रीचे साडेअकरा झालेत, सकाळी ड्युटी आहे तरी लिहून टाकते, नाहीतर झोप काही लागायची नाही.

शेक्सपिअरचं ऑथेल्लो नाटक परत वाचायला घेतलंय. इयागो व्हिलन, ऑथेल्लो संशयी, विषय संपला असं सगळे म्हणतात पण माझं डोकं त्या रुमालातच अडकलंय. नवऱ्याचं, म्हणजे ऑथेल्लोचं, कपाळ दुखतंय म्हणून डेस्डेमोना तो रुमाल बांधायला जाते, तो म्हणतो लहान पडतोय आणि बाजूला सारतो, तिथंच तो खाली पडतो. म्हणजे पडला तो ह्याच्यामुळे! आणि पुढे त्याच रुमालाचा हिशोब मागत मागत बायकोचा जीव घेतो.

इयागो सुरुवातीला काही आरोपच करत नाही. ऑथेल्लोच्या हाताखालचा अधिकारी कॅसिओ डेस्डेमोनापासून उठून जाताना दिसला की नुसतं पुटपुटतो, हे काही मला आवडलं नाही. बस. मग ऑथेल्लोच मागे लागतो सांग सांग म्हणून. कान भरणारी माणसं आपल्याकडेही अशीच, "जाऊ द्या, मी कशाला बोलू" म्हणून सुरुवात करतात आणि वर पुन्हा मत्सरापासून सांभाळा म्हणून सल्लाही हाच देतो. बापाला न सांगता लग्न करून जिने त्याला फसवलं ती तुम्हाला काय सोडणार, हा टोमणा मुळात तिच्या बापाचा, ह्याने फक्त बरोबर वेळेला बाहेर काढला. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली हे झुंजारराव म्हणून मराठीत आणलं, तेव्हा आपल्या लोकांना ही गोष्ट परकी वाटलीच नसणार.

आई अंगणात कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजत होती, तिला सगळी स्टोरी सांगितली तर वांगं उलटवत म्हणते, "मंग त्यानी बायकोले इचारं का नही?" विचारतो गं, पण सगळं मनात ठरवून झाल्यावर, तेव्हा तिनं काही सांगून उपयोग काय.

पण मला खरा राग एमिलियाचा, म्हणजे डेस्डेमोनाच्या दासीचा आणि इयागोच्या बायकोचा, येतो, आणि जीवही तिच्यासाठीच तुटतो. रुमाल उचलला तिनं, इयागोला दिला तिनं, कारण नवरा कधीपासून तो मागत होता, आणि त्यानं तो कॅसिओच्या खोलीत टाकला. नंतर डेस्डेमोना विचारते कुठं पडला गं, तर ही सरळ म्हणते मला नाही माहीत. नवऱ्याचं मन राखायला घातलेलं एवढंसं पांघरूण, आणि त्यात एक घर गेलं. अशा बायका मी नात्यात पाहिल्यात, वाईट नसतात हो त्या, घरातल्या शांततेसाठी गप्प बसतात. शेवटी मात्र तीच उभी राहते, इयागो गप्प बस म्हणतो, तलवार काढतो, तरी बोलतेच, आणि त्याच्याच हातून मरते. इयागो पकडला गेल्यावर म्हणतो आता मी एक शब्द बोलणार नाही.

राज्य नाट्य स्पर्धेला जळगावात कोणी हे नाटक करणार असेल तर माझं एकच म्हणणं आहे, एमिलियाला दासीचं छोटं काम समजून कोणालाही उभं करू नका, सगळ्यात दमदार नटी तिथं द्या.