पट्टीवर दोन रेघा

गुरुवार, रात्रीचे साडेअकरा

येताना केमिस्टकडून प्रेग्नन्सी टेस्टच्या दोन पट्ट्या घेतल्या. दुकानातल्या पोराने एकदा माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं, एकदा पट्ट्यांकडे, आणि न सांगता कागदात गुंडाळून दिल्या.

लॅबमध्ये पहिल्या पट्टीवर कोरं मीडियम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रव, टाकलं. एकच रेघ. दुसरीवर पेशी वाढलेल्या चार नंबरच्या प्लेटमधले तीन थेंब. जरा वेळ काहीच नाही. मग दुसरी रेघ उमटली, फिकट, पण उमटली. "मॅडम, पेढे?" विद्यार्थिनी म्हणाली. एलायझा चाचणीचे नेमके आकडे सोमवारी येतील, तोवर पट्टी वहीत चिकटवून ठेवली.

म्हणजे पेशींनी एचसीजी, गर्भारपणाचं संप्रेरक, सोडलं. वारेच्या (प्लासेंटाच्या) पेशींचं ते कामच. फक्त या पेशी पाच महिन्यांपूर्वी वारेच्या नव्हत्या, नाळेच्या होत्या.

ती नाळ मिळाली ती रात्र आठवते. एकतिसावा आठवडा, बीपी १७०/११०, लघवीत प्रथिनं, बाईच्या डोळ्यांपुढे काजवे. मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) दिलं, चार ग्रॅम शिरेतून आणि पाच-पाच दोन्ही कुल्ल्यांत. फार दुखतं ते इंजेक्शन. पण झटके टळतात. या औषधाच्या २००२ च्या मॅगपाय ट्रायलमध्ये दहा हजारांवर बायकांमध्ये झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली आला होता. प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणातला हा बीपीचा आजार, मात्र त्याने जात नाही, त्यासाठी वार बाहेर यावी लागते. सिझर झालं. बाळ बाराशे ग्रॅमचं.

ट्रेमधली वार पाहिली तर असायला हवी त्याहून लहान, कडेला पांढुरके, कडक चट्टे. सलाइनमध्ये धरली की बाकीचे तंतू शेवाळासारखे हलत होते. पण या वारेकडून आजाराची सुरुवात कळत नाही. ती होते पहिल्या काही महिन्यांत. तेव्हा वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून आईच्या मळसूत्री धमन्या रुंद करतात. इथे त्या पुरेशा खोल गेल्याच नाहीत. धमन्या अरुंद राहिल्या, वारेला रक्त कमी पडलं, आणि तिने आईच्या रक्तात एसएफएलटी-१ नावाचं प्रथिन सोडलं. त्याने रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडतं, हे २००३ मध्ये बोस्टनच्या अनंत करुमांची यांच्या गटाने दाखवलं. बीपी दिसतं ते वीस आठवड्यांनंतर, आणि वार माझ्या हाती येते त्याहून उशिरा. लग्न मोडल्यावर पत्रिका बघायला बसावं तसं.

२०१८ मध्ये जपानात सेंदाईला ओकाए आणि अरिमा यांच्या गटाने माणसाच्या वारेच्या अस्सल स्टेम सेल, म्हणजे ज्यांतून वारेच्या बाकीच्या पेशी घडतात त्या मूळ पेशी, वेगळ्या केल्या. उंदराच्या १९९८ लाच मिळाल्या होत्या. माणसाच्यासाठी वीस वर्षं लागली. त्यांतल्या काही पहिल्या तिमाहीच्या वारेतून काढलेल्या होत्या. पण ते गर्भारपण पुढे गेलं असतं तर त्या बाईचं बीपी चढलं असतं का, हे कोण सांगणार? माझ्याकडच्या नाळेचं तसं नाही. तिचा शेवट मी ट्रेमध्ये पाहिलाय. वार आणि नाळ एकाच गर्भातून झालेली, म्हणून नाळेच्या पेशी जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांच्या पद्धतीने मागे, पार सुरुवातीला न्यायच्या आणि तिथून वारेच्या वाटेला लावायच्या.

मागे नेताना पेशीची बरीचशी आठवण पुसली जाते, ही माझी रोजची धास्ती. कदाचित नेमकी बिघाडाचीच खूण आम्ही धुऊन टाकत असू. शिवाय प्लेटमध्ये आई नाही. तिच्या धमन्या नाहीत, तिची प्रतिकारशक्ती नाही. आणि धडधाकट बाळंतपणातल्या नाळेच्या पेशींनीही दोन रेघा दाखवल्याच असत्या, म्हणून पेढे नाहीत. या पेशी खोल शिरायला कचरतात का, ते पुढच्या आठवड्यात त्यांना जेलमधून शिरायला लावून पाहायचं.

पट्टी चिकटवताना त्या आजी आठवल्या. संमतीपत्रावर सुनेची सही होती, पण बर्फाचा डबा पाहून त्या आडव्या आल्या. "बाई, वार कुठं नेताय? आमच्याकडं परसात पुरत्यात. वर धोंडा ठेवत्यात, कुत्र्यानं उकरू नये म्हणून."

"आजी, बोटभर नाळ फक्त नेतेय."

"आन् राहिलेली?"

राहिलेली पिवळ्या पिशवीत जाते, तसा नियम आहे. सांगितलं मी. सांगताना डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं.