जिंकली, पण पहिली आली नाही

"ती गाडी शर्यत जिंकली म्हणजे पहिली आली ना?" मी विचारलं.

"नाही रे," शेजारचे आजोबा म्हणाले. "इंजिनाच्या आकाराच्या मानाने सगळ्यात जास्त पळाली."

अमेरिकेतल्या सिनसिनाटीतलं त्यांचं गॅरेज. समोर अर्धी उघडलेली क्रॉस्ली हॉटशॉट, जुनी छोटी अमेरिकन स्पोर्ट्स कार. तिला दारंच नाहीत, बाजूवरून पाय टाकून आत बसायचं. इंजिन ७२४ सीसी. म्हणजे आपल्या मारुती ८०० पेक्षाही लहान!

३१ डिसेंबर १९५० ला फ्लोरिडातल्या सेब्रिंगला सहा तासांची शर्यत अशाच हॉटशॉटने जिंकली. मोठ्या गाड्या जास्त अंतर कापून गेल्या होत्या, पण हिशोब इंजिनाचा होता.

आजोबा कार्ब्युरेटर फडक्याने पुसत होते, बाळाचं तोंड पुसावं तसे.

घरी आलो. लेक पोहण्याच्या स्पर्धेहून आलेली. मी दारातच विचारलं, "कितवी आलीस?"

तुम्ही काय विचारता?