अंगठी काळी पडली म्हणून कळलं

सांगलीत राहून पीएच.डी.ला हायड्रोजन सल्फाईडचा सेन्सर घेतला, यात नवल नाही. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशपासून, म्हणजे दारू काढून उरलेल्या सांडपाण्यापासून, बायोगॅस करतात, त्यात हा सडक्या अंड्याच्या वासाचा वायू मुबलक. इंजिन खातो, पाईप खातो. आणि 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) पुढं गेला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो.

पहिले सहा महिने काचपट्ट्या तडकण्यात गेले. टिन क्लोराईडचं द्रावण 400 ते 450 अंशांवर तापलेल्या काचेवर फवारायचं, की टिन ऑक्साईडची पातळ फिल्म बसते. फवारा जोरात झाला तर काच निवते आणि फिल्मऐवजी पांढरी भुकटी. हात बसला तेव्हा वरून कॉपर ऑक्साईडचा थर दिला. हे दोन ऑक्साईड एकमेकांना भिडले की विजेच्या वाटेत भिंत उभी राहते. गॅस आला की कॉपर ऑक्साईडचं कॉपर सल्फाईड होतं, ते वीज छान वाहून नेतं, भिंत पडते आणि रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, धाडकन उतरतो. गॅस बंद करून हवेत तापवलं की पुन्हा ऑक्साईड. निदान व्हायला तरी हवं.

डिसेंबरात झकास चाललं. जूनपासून गॅस काढला तरी रीडिंग मूळ जागी येईना. मी दोष पावसाला दिला. दमट हवेनं या फिल्मचा रोध बदलतो हे खरंच आहे, त्यामुळं शंका आलीच नाही. सिलिका जेलच्या नळ्या लावल्या, हीटरचं तापमान वाढवलं. दोन महिने गेले.

मग नमुना घ्यायला एका प्लांटवर गेलो. तिथले ऑपरेटर काका चहा देताना त्यांच्या चांदीच्या अंगठीकडं लक्ष गेलं. कोळशासारखी काळी. म्हणाले, "चिंचेनं घासतो दर रविवारी. बुधवारपर्यंत परत तशीच हुती."

चहा तसाच राहिला. माझ्या फिल्मवरची तारेची टोकं सिल्व्हर पेस्टनं चिकटवलेली होती! तापवलेली चांदी, वर हाच गॅस. परत येऊन भिंगाखाली बघितलं, तर दोन्ही ठिपके काळे. फिल्म बिचारी शेवटपर्यंत बरोबर सांगत होती, मी मोजत होतो चांदीचं सल्फाईड.

तारा जोडायला चांदीऐवजी सोन्याचे संपर्क द्यायचे ठरवले. सराफ कट्ट्यावर अर्धा ग्रॅम शुद्ध सोन्याची तार मागितली, तर सराफ म्हणाला, "एवढ्यात काय होणार? नथ तरी करा." कोल्हापूरला व्हॅक्यूम कोटिंगला नंबर लावला (निर्वातात सोन्याची वाफ करून थर देतात), जाळी ठेवून फिल्मवर सोन्याच्या दोन पट्ट्या चढवून आणल्या.

आता रीडिंग परत येतं. सावकाश येतं, मधे दोन मिनिटं हीटर वाढवून झटका द्यावा लागतो, पण येतं. काकांना सांगितलं तर त्यांना अंगठीसाठी काही औषध मिळेल का एवढंच हवं होतं. सोन्याची पावती मात्र ऑफिसातून दोनदा परत आलीय. शेरा एकच: "दागिन्यांचा खर्च प्रकल्पात बसत नाही."