गंजाच्या गावात

मृग लागला की आमच्या घरात सगळ्यात आधी गेटची कडी तांबडी होते. मग छत्रीच्या काड्या, मग आईच्या डब्यातल्या सुया, मग आदोळीचं, म्हणजे विळीचं, पातं. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो थांबला तरी हवेतला ओलावा काही घरी जात नाही. अशा मुलखात लोखंडाची सायकल आणणं म्हणजे मांजराला बांगडे राखायला बसवणं, हे आईचं मत. मी आणली ती साधी सायकलही नाही. स्टीलची माउंटन बाइक, तीही हार्डटेल. म्हणजे पुढच्या चिमट्यात शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मागे काहीच नाही. मागचं चाक थेट फ्रेमला. खड्डा आला की पुढचं चाक नमस्कार करतं आणि मागचं लाथ मारतं.

आणि आणली तीही सुटी. आधी नुसती फ्रेम आली, मग सहा महिने एकेक भाग जमवत बसलो. त्या काळात बलकावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, खोकी एवढी साठली की दिवाळीला आकाशकंदील लावायला शिडी ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या काकांनी किंमत विचारली. मी अर्धीच सांगितली, तरी त्यांनी कपाळाला हात लावला. "इतक्यात सेकंड हँड स्कूटर आली असती रे!"

खरं म्हणजे या प्रकारातला पहिला उस्ताद मी लहानपणीच पाहिला होता. आमचा पोदेर, म्हणजे घरोघर पाव देणारा पाववाला. सकाळी साडेसहाला रबरी भोंग्याचा 'पों पों', मागे निळ्या प्लास्टिकखाली झाकलेला पाटला, म्हणजे मोठी टोपली, त्यात गरम पाव, उंडे, पोळ्या आणि बांगडीसारखी कडक कांकणं, सगळे पावाचेच प्रकार. सायकल रिकामी असतानाच वीसेक किलोची, वर पावांचं ओझं. तिला ना पुढे स्प्रिंग ना मागे. तरी आमच्या वाड्यावरून खाली उतरणारी चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची, वाट तो ब्रेकवर दोन बोटं ठेवून, ढुंगण सीटवरून इंचभर उचलून उतरायचा, आणि एकही कांकण मोडत नसे. हेच ढुंगण उचलणं मी पुढे पस्तिशीत व्हिडिओ बघून शिकलो.

माउंटन बाइकचा जन्मही असाच, पेपर टाकणाऱ्या पोरांच्या सायकलींतून झालेला आहे. कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत माउंट टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० च्या दशकात तिथली काही तरुण मंडळी १९३०-४० च्या जुन्या, जाड टायरच्या श्विन कंपनीच्या सायकली भंगारातून उचलायची, वर चढवायची आणि मातीच्या रस्त्याने खाली सोडायची. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या मधल्या गाभ्यात, म्हणजे हबमध्ये, पेडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून जवळच्याच एका उताराचं नावच 'रिपॅक' पडलं. तिथली पहिली शर्यत २१ ऑक्टोबर १९७६ ची. त्यांच्यातल्या जो ब्रीझने मग जुन्या फ्रेमी मोडून मोडून कंटाळून १९७७ साली खास या कामासाठी नवीन फ्रेम बांधली, क्रोमोली स्टीलच्या नळ्यांची. पुढे अ‍ॅल्युमिनियम आलं, कार्बन आलं, मागचेही शॉक आले. पण मूळ पुरुष हा: दोन चाकं, स्टीलच्या नळ्या, आणि उतार दिसला की अक्कल गहाण टाकणारी माणसं.

क्रोमोली हे नाव ऐकायला औषधासारखं वाटतं. लोखंडात साधारण एक टक्का क्रोमियम, चिमूटभर मॉलिब्डेनम आणि ०.३ टक्के कार्बन. ४१३० हा त्याचा नंबर. शेवटचे ३० म्हणजे तो कार्बनच. एवढ्या मसाल्याने लोखंड इतकं चिवट होतं की नळीची भिंत मिलिमीटरहून पातळ ठेवता येते. त्यातही गंमत अशी की चांगल्या नळ्या सगळीकडे सारख्या जाड नसतात. टोकांना, जिथे वेल्डिंग होतं, तिथे ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६, असा प्रकार. बाहेरून काही कळत नाही. पण नखाने टकटक करत नळीवरून गेलात तर आवाज बदलतो: टोकाला 'टक', आणि मध्ये आलं की एकदम 'टिंग'. आमच्या डिचोलीत मडकी विकत घेताना बायका बोटाचं पेर मारून ऐकतात, तसं. फ्रेम आली त्या रात्री मी ती मांडीवर घेऊन तासभर नुसती वाजवत होतो. आईने दार ढकलून बघितलं आणि काही न बोलता परत लावलं.

जोडणीत सगळ्यात जास्त जीव चाकांनी खाल्ला. रिम, हब आणि ३२ स्पोक वेगवेगळे घेऊन चाक विणायचं. प्रत्येक स्पोक तीन स्पोकना ओलांडून जातो, त्यातल्या शेवटच्याच्या पाठीमागून. आमच्या लहानपणी चाक वाकडं झालं की दुकानात नेऊन 'आऊट काढून द्या' म्हणायचं आणि समोरच्या हॉटेलात भजी खायची. भजी संपेपर्यंत आऊट निघालेला असे. मला पहिल्या चाकाला तीन रात्री लागल्या. स्पोकच्या टोकाचं निपल पाव फेरा आवळायचं, चाक फिरवायचं, डावीकडे सरकलेलं उजवीकडे आणायचं. तेवढ्यात ते गोल राहायचं सोडून अंड्यासारखं व्हायचं. शेवटी ज्या दुकानात भजीपुरता वेळ लागायचा तिथल्या म्हाताऱ्या मेस्त्रींकडे शरण गेलो. त्यांनी चाकाला लावला तो डोळा नव्हे, कान. स्पोक एकेक करून बोटाने छेडत गेले, तंबोरा लावावा तसे, आणि मध्येच म्हणाले, "हो ढिलो." एकच स्पोक. तो आवळला आणि अर्धा आऊट गेला. मी तीन रात्री डोळ्यांनी शोधत होतो ते त्यांनी तीन मिनिटांत कानाने काढलं. पैसे विचारले तर म्हणाले, चहा सांग.

आता चालवण्याचं. स्टीलची फ्रेम 'जिवंत' असते, ती धक्के पिऊन टाकते, असं तिचे भक्त सांगतात. मीही दोन वर्षं सांगत होतो. मग एकदा टायरमध्ये चुकून हवा जास्त भरली गेली आणि तीच जिवंत फ्रेम बैलगाडीसारखी खडखडू लागली. धक्के पितो तो मुख्यतः जाड टायर आणि त्यातली कमी हवा. फ्रेमचा वाटा त्यात भाजीतल्या कोथिंबिरीइतका. कोथिंबीर नको असं मात्र मी म्हणणार नाही.

माझी नेहमीची वाट मयेच्या तळ्याच्या बाजूने, काजूच्या बागांतून वर सड्यावर, म्हणजे चिऱ्याच्या पठारावर, आणि पलीकडे नार्वेला उतरणारी. मार्चमध्ये या वाटेवर बोंडू पडून सडलेले असतात. वास असा की नुसत्या श्वासाने काजूची दारू, हुर्राक, चढावी, आणि त्यांच्यावरून चाक गेलं की ते साबणावर गेल्यासारखं सटकतं. श्रावणात सड्यावरचा चिरा शेवाळून हिरवाकाळा होतो, त्याच्या खळग्यांत पाणी साठतं आणि त्या पाण्याच्या कडेला इवलीशी जांभळी फुलं येतात. अशा जागी मागे शॉक असलेली सायकल सगळं माफ करत जाते. वाट कशीही निवडा, ती सावरून घेते. हार्डटेल सावरत नाही. ती विचारते, इथून का आलास? डावीकडून जायला काय झालं होतं? मग हळूहळू आपण दहा हात पुढचं बघायला लागतो, कुठला चिरा सुटा आहे, कुठलं मूळ ओलं, हे तळपायाला कळायला लागतं. पहिल्या पावसाळ्यात मी चार वेळा पडलो, तिसऱ्यात एकदा. नार्वेला सप्तकोटेश्वराच्या देवळाशी, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेल्या, पोचलं की तळपाय झिणझिणत असतात. पायरीवर बसून बाटलीभर पाणी प्यायचं, आणि वेळ असेल तर फेरीबोटीने दिवाडी बेटावर जायचं. नसतोच बहुतेक.

गंजाने पहिला दणका दिला तो मात्र लोखंडातून नाही, अ‍ॅल्युमिनियममधून. माझा सीटचा दांडा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तो ज्या नळीत बसतो ती स्टीलची. दोन वेगळे धातू, मध्ये घामाचं आणि पावसाचं खारट पाणी: झाली छोटीशी बॅटरी तयार. अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी होते, ती फुगते आणि दांडा सिमेंटने बसवल्यासारखा अडकतो. ग्रीस लावायचं मी विसरलो होतो, असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे आळस केला होता. दोन पावसाळे. शेवटी सायकल उलटी करून दांड्याचं डोकं वेल्डरकाकांच्या मोठ्या व्हाइसमध्ये आवळलं आणि दोघांनी मिळून अख्खी फ्रेमच रहाटासारखी फिरवली. दांडा असा किंचाळत सुटला की समोरच्या घरातून माणसं बाहेर आली. त्यामागून नळीतून कपभर तांबडं पाणी पडलं, चिखलाच्या वासाचं.

याच पाण्यामुळे मी तिला नीट पुसायला घेतली आणि तेव्हा मागच्या दांडीवर, चाक बसतं तिथून चार बोटांवर, रंगात केसाएवढी तांबडी रेघ दिसली. नखाने खरवडली. रंग नव्हे, चीर. गंजानेच चहाडी केली म्हणायची. कार्बनच्या फ्रेमीला आतून तडा गेला असता तर तो तसाच झाकून राहिला असता, उतारावर कळेपर्यंत.

वेल्डरकाकांचं दुकान म्हणजे ग्रिल, गेट आणि अधूनमधून टेंपोची चासी. नळी हातात घेऊन त्यांनी चिरेतून आत डोकावल्यासारखं केलं. "पायप कितलो पातळ आसा हो! आर्क मारल्यार बुराक पडटलो." बुराक म्हणजे भोक. मग म्हणाले, "अ‍ॅल्युमिनियम आसलें जाल्यार पाटीं धाडटालों." म्हणजे परत पाठवलं असतं. आर्कची केबल बाजूला सारून त्यांनी गॅसची ज्योत पेटवली. चीर सँडपेपरने घासून चंदेरी केली, टाकणखार लावला, आणि ज्योत एकाच जागी न धरता गोल गोल फिरवत राहिले. नळी आधी निळसर झाली, मग मंद शेंदरी. त्यांनी पितळेची कांडी नुसती टेकवली, आणि ते पितळ स्वतःहून पाण्यासारखं चिरेत शिरलं, तापलेल्या तव्यावर तूप पसरतं तसं. नळी वितळली नाही, फक्त पितळ वितळलं. या गावात पिढ्यान्‌पिढ्या पितळेच्या समया घडतात, तेव्हा पितळ इथे कुणाचं ऐकणार नाही असं होणं शक्यच नव्हतं. दुकानातला पोरगा उत्साहाने पाण्याचा मग घेऊन धावला तसे काका ओरडले. हे लोखंड तापलेलं असताना पाण्यात घातलं तर काचेसारखं ठिसूळ होतं; त्याला आपलं आपण थंड होऊ द्यावं लागतं. क्रोमोली हा शब्द काकांनी आयुष्यात ऐकलेला नाही. रंग मात्र वीतभर जळाला, तो मी तसाच ठेवला आहे, वर नुसतं पारदर्शक व्हार्निश. हिरव्या फ्रेमीवर पितळेची पिवळी ओळ, मोहनमाळेसारखी.

आता दर मे महिन्यात सायकल सुटी करतो आणि नळ्यांच्या आत अळशीचं तेल ओततो, फ्रेम चारी बाजूंनी कलती करत राहतो, मग दोन दिवस पडवीत टांगून ठेवतो. आमच्याकडचे होडीवाले लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात, तेच घाल असा एकाने सल्ला दिला होता. त्या तेलाने हाताची साल निघते हे सांगायला तो विसरला. मला आठवण झाली ती झाकण उघडल्यावर.

गंजाबद्दल आता पूर्वीइतकी चीड येत नाही. ज्या सड्यावरून सायकल घालतो तो चिरा लाल कशाने? त्यातल्या लोखंडाने, हवापाण्यात लाखो वर्षं गंजून गंजून. घराच्या भिंती त्याच चिऱ्याच्या. लहानपणी याच लाल मातीचे, म्हणजे खाणीतल्या लोहखनिजाचे, ट्रक रात्रंदिवस दारावरून जायचे, सारमानसच्या धक्क्यावर बार्जमध्ये रिकामे व्हायचे, तिथून मुरगावला, तिथून जहाजाने जपानला, नंतर चीनला. वाळत घातलेले कपडे गुलाबी व्हायचे. २०१२ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा धूळ बसली आणि गल्लीतल्या अर्ध्या घरांचे हप्तेही. इथून जहाजं भरभरून गंज बाहेर गेला, आणि मी नळ्यांच्या रूपात साताठ पौंड परत आणला, तोही आयात शुल्क भरून.

मागच्या आठवड्यात सायकल धुऊन बलकावाला टेकवून ठेवली होती. पोदेर आला. आता जुन्याचा मुलगा येतो, पाटला तोच, भोंगा तोच. चार उंडे मोजून देता देता त्याची नजर सायकलीवर गेली. त्याने आपली स्टँडवर लावली, माझ्या सायकलचं पुढचं चाक हातभर उचललं, सोडलं, टायर दाबला. मग मधल्या नळीवर नखाने दोनदा टकटक केलं.

"लोखंडाचीच मरे ही?"

"हय."

"बरी," म्हणाला, आणि भोंगा वाजवत चिऱ्यांच्या वाटेने खाली उतरला. ढुंगण सीटवरून इंचभर वर.