एलटीओ-५ची नोंद: टेप सेकंदाला २२ एमबीवर का अडकते

जुळणी: हाफ-हाइट एलटीओ-५ ड्राइव्ह (चुंबकीय टेपवर बॅकअप घेणारा), तो संगणकाला जोडणारं एलएसआय ९२११-८आय कार्ड (आयटी मोडमधलं, म्हणजे रेडशिवाय), एसएफएफ-८०८७ ते एसएफएफ-८४८२ केबल, डेबियन लिनक्स. जागा जळगाव. माल म्हणजे अहिराणी गाण्यांची ध्वनिमुद्रणं, कानबाई आणि आखाजी या सणांचे फोटो-व्हिडिओ, सगळं एकाच ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कवर. तक्रार एकच: टेपवर सेकंदाला जेमतेम २२ एमबी जातात. एलटीओ-५चा कॉम्प्रेशनशिवायचा वेग १४० एमबी. दीड टीबीची टेप तीन तासांत भरायला हवी, ती एकोणीस तास घेते.

वेळ जातो ते एक, पण टेपही झिजते. आटत आलेल्या विहिरीवर मोठी मोटर बसवली की काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. मोटर भराभर ओढते, फूटव्हॉल्व्ह उघडा पडतो, बंद करून झरे भरायची वाट पाहायची, पुन्हा चालू. टेप ड्राइव्हचं तसंच. टेप सेकंदाला सहा मीटरच्या आसपास पळत असते. डेटा संपला तरी ती जागच्या जागी थांबू शकत नाही. पुढे जाऊन थांबते, मागे येते, पुन्हा वेग घेते आणि सोडलेल्या जागेवर लिहायला लागते. यालाच शू-शायनिंग म्हणतात. एलटीओ-५ स्वतःचा वेग साधारण ४०-५० एमबीपर्यंत खाली आणू शकते. त्याखालच्या पुरवठ्याला हा खेळ अटळ. कान देऊन ऐका: सलग घूं आवाज म्हणजे ठीक, दर काही सेकंदांनी आवाज तुटत असेल तर ड्राइव्ह उपाशी आहे.

म्हणून ड्राइव्ह बदलायच्या आधी तिन्ही टप्पे (ड्राइव्ह, डेटाचा स्रोत, मधला रस्ता) वेगवेगळे मोजायचे.

ड्राइव्ह एकटा. शून्यांचा डेटा लिहून मोजू नका. ड्राइव्हचं कॉम्प्रेशन शून्यं दाबून टाकतं आणि आकडा खोटा फुगतो. ओपनएसएसएलच्या एईएस-सीटीआर या कूटलेखनातून शून्यं काढली की न दबणारा डेटा मिळतो, आणि तो प्रोसेसरला जड जात नाही. तो डीडी या कॉपी करणाऱ्या आज्ञेला पाइपने द्यायचा: ब्लॉक २५६ केबी, मोजणी ८०,०००, म्हणजे सुमारे २१ जीबी. इथे डीडीला 'फुलब्लॉक' हा आयफ्लॅग (वाचनाचा पर्याय) द्यायचा राहिला तर पाइपमधून तुकडे येतात, टेपवर लहान-मोठे ब्लॉक पडतात आणि मोजमाप वाया जातं. निकाल १३७ एमबी. ड्राइव्ह, कार्ड, केबल तिन्ही संशयातून सुटले.

स्रोत एकटा. इथे भले भले फसतात. टारचं (फाईलींचा एकच गठ्ठा बांधणारी आज्ञा) आउटपुट थेट डेव्ह-नलला, म्हणजे सगळं गिळून टाकणाऱ्या रिकाम्या फाईलला दिलं तर जीएनयू टार ते ओळखतो आणि फाईल आतून वाचतच नाही. हजारो फाईल क्षणात 'झाल्या' दिसतात. मध्ये पीव्ही (पाइपमधला वेग दाखवणारी आज्ञा) घालून पाइप करा. प्रत्येक चाचणीआधी कर्नलच्या ड्रॉप-कॅशेसमध्ये ३ लिहून रॅममधली प्रत रिकामी करा, नाहीतर उत्तर डिस्क देत नाही, रॅम देते. मोठ्या व्हिडिओंचा फोल्डर १५० एमबीने वाचला गेला. फोटो आणि छोट्या ध्वनिफितींचा फोल्डर २२ वर. दुखणं सापडलं. हिशोब सरळ आहे: डिस्कचं हेड सेकंदाला शंभरएक ठिकाणी जाऊ शकतं, फाईल सरासरी २०० केबीची, म्हणजे २० एमबीच हाती लागणार.

मधला रस्ता. टारचा मूळ ब्लॉक १० केबीचा असतो. १४० एमबी गाठायला सेकंदाला साडेतेरा हजारांवर लेखन-आज्ञा लागतात, २५६ केबीच्या ब्लॉकला साडेपाचशेहून कमी. टारला 'बी ५१२' द्या (५१२ बाइटचे ५१२ तुकडे, म्हणजे २५६ केबी), एमटी या टेप हाताळायच्या आज्ञेने ब्लॉक साईझ ० ठेवा म्हणजे आकार बदलता राहतो. वाचतानाही तेच ५१२ द्यावं लागतं. विसरलात तर 'मेमरी मिळाली नाही' अशा अर्थाची त्रुटी येते आणि टेप खराब झाल्याचा भास होतो. ब्लॉकचा आकार टेपच्या लेबलवर पेनाने लिहून ठेवा. दहा वर्षांनी टेप उघडणाऱ्याला तोच आकडा लागेल. एमटीमध्ये ड्राइव्ह-बफर १ आहे का तेही पाहा. तो ० असेल तर प्रत्येक ब्लॉक टेपवर उतरेपर्यंत पुढचा अडून राहतो.

टारमध्येच जीझिप (फाईल दाबणारी आज्ञा) लावू नका. ते एका कोअरवर चालतं आणि फोटो त्याने दबतही नाहीत. प्रत्येक फोल्डरचा वेगळा टार लिहिणंही टाळा. प्रत्येक टारच्या शेवटी पडणाऱ्या खुणेला, म्हणजे दर फाईलमार्कला, ड्राइव्ह बफर रिकामा करतो आणि थांबतो.

आता उपाय. पहिला एमबफर, म्हणजे रॅममध्ये डेटा साठवून पुढे देणारी आज्ञा: ६ जीबी बफर, ब्लॉक २५६ केबी, ९५ टक्के भरल्यावरच टेप सुरू. याने थांबे दर काही सेकंदांऐवजी पाचेक मिनिटांनी एकदा येतात. झीज कमी झाली, पण एकूण वेळ तोच. टाकी बांधली म्हणून झरा वाढत नाही. दीड टीबीच्या टेपला तरीही दोनशेवर थांबे.

खरा उपाय साठवणीचा आहे. छोट्या फाईलींचे १०० ते २०० जीबीचे टार आधी साटा एसएसडीवर बनवून घ्यायचे, मग ते एमबफरमधून सलग टेपवर. स्वस्त एसएसडी लिहिताना मंदावते, त्याला हरकत नाही, टेपला फक्त वाचनाचा वेग दिसतो. एकच पथ्य: एसएसडी भरणं आणि त्यावरून टेप लिहिणं एकाच वेळी करू नये. असं केल्यावर १३४ एमबी सलग मिळाले.

वेग पुन्हा घसरला आणि स्रोत ठीक असेल, तरच ड्राइव्हच्या हेडकडे वळा. ड्राइव्ह लिहिल्याबरोबर वाचून पडताळतो. चूक दिसली तर तोच भाग पुढे पुन्हा लिहितो. त्यामुळे वेगासोबत क्षमताही घटते, आणि टेप दीडऐवजी सव्वा टीबीला भरली तर हीच खूण. एसजी-लॉग्स या आज्ञेने ड्राइव्हच्या नोंदींचं २ई पान काढा, त्यात टेपअलर्ट म्हणजे ड्राइव्हचे क्रमांकवार इशारे असतात. टेपअलर्ट २० म्हणजे 'आत्ता साफ करा', ७ म्हणजे टेपचं आयुष्य संपत आलं. क्लीनिंग कार्ट्रिज ड्राइव्हने मागितल्यावरच घाला, ती हेडवर घासते. जिनिंगच्या हंगामात, दिवाळीपासून पुढे, कापसाचा तंतू हवेत असतो. ड्राइव्हच्या तोंडाशी पंख्याचा झोत नको, आत हवा गाळून जाऊ द्या.

मे महिन्यात दुपारी टेप लिहू नका. जळगाव-भुसावळात बाहेर ४४-४५ अंश असताना कॅबिनेटच्या आतली हवा याहून गरम असते. ड्राइव्हच्या मागून हवा ओढणारा १२० मिमी पंखा लावा आणि काम पहाटे करा. टेपअलर्ट ३६ दिसला तर तो तापमानाचा. एसीच्या खोलीतून आणलेली टेप एक दिवस ड्राइव्हच्या खोलीतच ठेवून मग घाला.

सद्यस्थिती: टेप ३ वर १.३८ टीबी, २ तास ५२ मिनिटं, टेपअलर्ट कोरा. पूर्ण परत वाचून चेकसम (डेटा बदलला नाही ना हे दाखवणारा आकडा) जुळवायचं काम बाकी आहे. ते होईपर्यंत डिस्कवरची मूळ प्रत तशीच राहील.